पेन्शनला दीड वर्ष आहे, आणि गेटवर उभं राहायचं नाही

पत्र: मी बॉम्बे इंजिनियर ग्रुपमध्ये ऑपरेटर आहे, डोझर आणि एक्स्कॅव्हेटर चालवतो. १७ वर्षं पुरी करून पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर पेन्शन येतोय. तेव्हा वय ३७ असेल. शिक्षण दहावी. गाव माण तालुक्यात, घरची तीन एकर कोरडवाहू जमीन, बायको आणि दोन मुलं गावीच. माझ्या आधी पेन्शन आलेले बहुतेक जण पुण्यात सिक्युरिटीला लागले. मला ते नको. झाडं, पाणी, जंगल यातलं काम करायचंय. इको बटालियनचं ऐकलंय, फॉरेस्टच्या भरतीचंही. एक मित्र म्हणतो, कम्युटेशनच्या पैशात जेसीबी घे, पाणलोटाची कामं चिक्कार आहेत. काय करू?

उत्तर:

नमस्कार मेजर,

(गावाकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तेव्हा आम्हीही तेच म्हणतो.)

आधी जेसीबीचं बोलू. तिथे चूक झाली तर पुढचं काही सांगून उपयोग नाही. ती मशीन घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. कम्युटेशन म्हणजे तुमचीच पेन्शन आगाऊ घेणं. निम्म्यापर्यंत विकता येते आणि ती पूर्ववत व्हायला १५ वर्षं लागतात. माणसारख्या भागात मातीकामाचा हंगाम साधारण सुगी उरकल्यापासून मृगापर्यंत. पावसाळ्यात मशीन दारात उभी राहते, हप्ता मात्र बाराही महिने जातो. सरकारी कामाचं बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर, आणि पैसे येतात निधी आल्यावर. डिझेल मात्र रोज, रोखीने. चालवण्यात तुम्ही पक्के असाल यात शंका नाही, पण हा धंदा चालवण्याचा नसून उधारी सांभाळण्याचा आहे, आणि ते गणित फौजेत कुणी शिकवलेलं नसतं. मशीन हवीच असेल तर आधी एक हंगाम दुसऱ्याच्या मशीनवर पगारी ऑपरेटर म्हणून काढा. कोण वेळेवर पैसे देतं आणि कोण लटकवतं, ते तिथे आपोआप कळेल.

आता तुमच्या हातातली खरी गोष्ट, म्हणजे उरलेलं दीड वर्ष. गावी येऊन बघू असं म्हणणाऱ्यांचं पहिलं वर्ष कागद गोळा करण्यातच जातं. आणि वर्दीत असताना जे प्रशिक्षण फुकट मिळतं, ते नंतर खिशातून करावं लागतं.

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, दरवर्षी निवृत्तीजवळ आलेल्या जवानांसाठी कोर्सची यादी काढतं. अधिकाऱ्यांना फीचा ४० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो, जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांची पूर्ण फी डीजीआर भरतं. अर्ज युनिटमार्फतच जातो. गाडं अडतं ते इथे: यादी युनिटमध्ये येते, क्लार्कच्या टेबलावर राहते, आणि जवानाला कळतं तेव्हा जागा भरलेल्या असतात. म्हणून डीजीआरच्या संकेतस्थळावर यादी स्वतः बघा, आताच. दुसरी गोष्ट, बरेच जण बाकीचे करतात म्हणून सिक्युरिटीचाच कोर्स घेतात आणि मग सिक्युरिटीलाच लागतात. तुम्ही शेती-फलोत्पादन किंवा ड्रोन पायलट यांपैकी जे मिळेल ते धरा. ड्रोन तुम्हाला परका वाटेल, पण पाणलोटाच्या सर्वेक्षणात आता त्याचा वापर होतो, आणि मशीनही कळते आणि उतारही वाचता येतो असा माणूस सहसा सापडत नाही. पुण्यात दक्षिण विभागाचं पुनर्वसन संचालनालय आहे. सुट्टीवर येता-जाता तिथे समक्ष चौकशी करा.

याच काळात ऑपरेटर ट्रेडचं आणि प्रत्यक्ष चालवलेल्या मशीनचं प्रमाणपत्र रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. लष्करी लायसन्सवरून आरटीओकडे नागरी लायसन्सचा अर्ज करा. डिस्चार्ज बुकातलं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि गावाचं नाव दहावीच्या सनदेशी अक्षर अन् अक्षर जुळतंय ना, ते आता तपासा. ‘बापूराव’ आणि ‘बापू’ एवढ्या फरकावर कागद तपासणीत माणूस मागे राहतो. युनिटमध्ये असताना दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीच्या हुकमाने, होते. बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करून घ्यावी लागते.

वनरक्षक

पगार, पेन्शन आणि जंगल तिन्ही हवं असेल तर आमचा पहिला कौल वनरक्षक भरतीला. वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे. महाराष्ट्रात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते तुमच्या जात-प्रवर्गाच्या आतलं असतं, त्यामुळे माजी सैनिक असल्याचा दाखला एकटा पुरत नाही. जातीचा दाखला, लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर, आणि अधिवास प्रमाणपत्र ही सगळी जोड लागते. १७ वर्षं राज्याबाहेर राहिलेल्यांचा अधिवासाचा कागदच बहुधा सगळ्यात शेवटी आठवतो.

इतर बहुतेकांना बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, माजी सैनिकाला दहावी चालते. वयाचं गणित असं: तुमच्या वयातून सैन्यसेवेची वर्षं आणि वर ३ वर्षं वजा करायची. ३७ मधून १७ आणि ३ गेले की १७ उरले, म्हणजे कमाल वयोमर्यादेच्या बरेच आत. वयाची अडचण तुम्हाला नाही.

अडचण आहे ती लेखी परीक्षेची. २०२३ च्या भरतीत (वनरक्षकांच्या २१३८ जागा होत्या) लेखी १२० गुणांची होती: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. त्यात किमान ४५ टक्के मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फौजेत १७ वर्षं हिंदीत बोललेल्या माणसाचं मराठी व्याकरण गंजतं. समास, प्रयोग, वाक्प्रचार यांवर गुण जातात, आणि नेमके तेच गुण गावातला बारावी पास पोरगा घेऊन जातो. रोज एक तास मराठीला द्या. रोज रात्री बॅरेकमध्ये एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवली तरी वर्षभरात फरक पडेल.

धावणं ५ किलोमीटर, पुरुषांना ३० मिनिटांत पूर्ण करायचं. पण पूर्ण करणं आणि गुण मिळवणं वेगळं. ८० पैकी ८० हवे असतील तर १७ मिनिटांच्या आत यावं लागलं होतं. ५ किलोमीटर वेगात धावायचा दम वेगळा. आठवड्यातून एकदा ७-८ किलोमीटर सावकाश, दोनदा ४०० मीटरच्या सहा-आठ फेऱ्या जोरात, असा सराव आतापासून ठेवा. शेवटी २५ किलोमीटर चालणं ४ तासांत. ते तुम्हाला जड जाणार नाही, फक्त चालायचे बूट आदल्या दिवशी नवे घेऊ नका.

निवड झाली की शहापूर, जालना, पाल, चिखलदरा अशा ठिकाणच्या प्रशिक्षण शाळेत जावं लागतं आणि मग बीट मिळतं, म्हणजे नियतक्षेत्र. काम गस्तीचं आहे, पण त्याहून जास्त कागदाचं आणि बोलण्याचं. गुन्हा नोंदवायचा म्हणजे पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाडायची, पंचनामा करायचा, जप्त मालाचा हिशोब द्यायचा. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम, त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, साफ झालेल्या हव्यात. हंगामात रात्री दोनला फोन आला तरी झाडाच्या फांद्या घेऊन वणवा झोडपायला जायचं. बीटमध्ये चारायला येणारी शेरडं आणि सरपणाची मोळी नेणारी बाई यांच्याशी रोज गाठ पडते. तिथे हुकमाची भाषा वापरणारा वनरक्षक पहिल्याच उन्हाळ्यात एकटा पडतो. वणवा विझवायला गाव आलं नाही तर दोन माणसांनी शंभर हेक्टर सांभाळता येत नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समितीतल्या चार माणसांशी आधीपासून ऊठबस असेल तर तीच माणसं धावून येतात.

एक इशारा. माजी सैनिकाचं आरक्षण वापरून एकदा नोकरीवर रुजू झालात की तेच आरक्षण पुढच्या भरतीला पुन्हा मिळत नाही. म्हणून सापडेल त्या पहिल्या शिपायाच्या जागेवर ते खर्च करू नका.

इको बटालियन

ही प्रादेशिक सेनेची, म्हणजे टीएची पर्यावरण बटालियन. पहिली १९८२ च्या डिसेंबरात उभी राहिली: १२७ इन्फंट्री बटालियन, गढवाल रायफल्स, डेहराडूनला. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे उतार उघडे पडले होते, तिथे त्यांनी झाडं लावली आणि जगवली. नंतर राजस्थानात कालव्याच्या बाजूची वाळू धरायला, दिल्लीत भाटीच्या खाणींवर, आसामात, हिमाचलात अशा बटालियन झाल्या. आपल्याकडे मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला १३६ इन्फंट्री बटालियन, इको महार आहे. जवान त्या-त्या राज्यातले माजी सैनिक, अधिकारी आणि शिस्त लष्कराची, काम खड्डे-रोपं-पाणी-राखण. फौजेतून आलेल्याला इतकं ओळखीचं वातावरण दुसरीकडे मिळणार नाही.

पण दोन गोष्टी समजून घ्या. ही बटालियन राज्य शासनासाठी उभी असते आणि तिचा खर्च शासनाकडून वळता होतो. त्यामुळे भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघेल असं धरून बसू नका, जागा सुटतील तसा मेळावा लागतो. आणि मेडिकल शेप-वन, म्हणजे लष्करी तपासणीतली सगळ्यात वरची श्रेणी, लागतं. वर्दीतल्या शेवटच्या वर्षात गुडघा किंवा रक्तदाब यामुळे श्रेणी खाली गेली तर हे दार बंद. निवृत्तीच्या मेडिकलला ‘थोडी तक्रार सांगून ठेवू, पुढे कामी येईल’ असा सल्ला देणारे भेटतात. खरी तक्रार असेल तर जरूर सांगा, ती लपवणंही चूक. पण खोटी सांगून शेप घालवू नका.

पैसे घेऊन इको बटालियनमध्ये लावून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. मेळाव्याला डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, दहावीची सनद, अधिवास, पोलीस पाटलाचा व तहसीलचा दाखला आणि डझनभर फोटो, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, एवढी थैली तयार ठेवली की बास.

पाणलोट: तुमचं खरं कसब

पत्रात तुम्ही हे कमी लेखलंय, म्हणून इथे जरा थांबू. दुष्काळी डोंगरावर सगळं अवलंबून असतं ते पातळीवर, आणि पातळी धरायला तुम्ही १७ वर्षं शिकलात. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाचं काम उभं करणारे अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते. आणि तुमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ चा वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा, जिंकला. या सुट्टीत तिथे जा आणि चर बघा, नुसते फोटो नकोत.

सलग समतल चर, ज्याला सगळे सीसीटी म्हणतात, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. ५०० मीटर लांबीच्या अशा चरात एका भरणीला ९० घनमीटर, म्हणजे ९०,००० लिटर पाणी थांबतं. पण चर समतल असेल तरच. एका टोकाला नुसता वीतभर उतार राहिला तरी सगळं पाणी तिकडे धावतं, तिथून चर फुटतो, आणि खालच्या तीन चरांची माती घेऊन ओढ्याला जातो. पहिल्याच वळवाच्या पावसात हे घडतं, आणि गाव म्हणतं की चर काही कामाचे नाहीत.

पातळी काढायला हायड्रोमार्कर वापरतात. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आलं की दोन्ही काठ्यांचे पाय एका पातळीत. फसवणूक होते ती तीन ठिकाणी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, म्हणून पाणी भरल्यावर नळी बोटभर अंतराने टिचकी मारत तपासायची. काठी दगडावर किंवा खळग्यात टेकवली तर तेवढाच फरक पडतो. आणि काठी तिरपी धरली तर तिसरा. फक्कीची रेघ मारल्यावर परतीच्या वाटेवर उलट्या दिशेने एकदा मोजून बघा. परतीचा आकडा जुळला नाही तर रेघ पुसा, चर खोदू नका.

खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात तीच माती चरात परत येते. लांब चरात मध्ये मध्ये अर्धा मीटर न खोदलेला आडवा नाका ठेवायचा, म्हणजे एक जागा फुटली तरी सगळा चर रिकामा होत नाही. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी खाली बंधारा बांधला की वरची माती त्याला दोन वर्षांत भरून टाकते.

आता मशीनवाल्यासाठी खास. तीव्र उतारावर चर हातानेच. मशीन वर चढवताना जेवढी माती उसकटते, तेवढी चर वाचवत नाही. मशीनचं खरं काम खाली: कमी उतारावरची बांधबंदिस्ती, शेततळं, नाल्यातला गाळ. नाला खोलीकरणात ३ मीटरच्या खाली जाऊ नका आणि कठीण खडक फोडू नका. बकेटचे दात वाजायला लागले की थांबायचं, हे ऑपरेटरला कळतं, तासावर पैसे घेणाऱ्या मालकाला थांबायचं नसतं. अशी देखरेख करणारा, मोजमाप लिहू शकणारा आणि मजुरांशी मराठीत बोलणारा माणूस स्वयंसेवी संस्थांना आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) प्रकल्पांना साइट सुपरवायझर म्हणून हवा असतो. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे वॉटर, संगमनेर तालुक्यात दरेवाडीला प्रशिक्षण देतं. पाणी फाउंडेशनची प्रशिक्षणंही आहेत. अर्ज करताना बायोडेटात ‘ऑपरेटर’ एवढंच लिहू नका. किती टनांची मशीन, किती तास, कुठल्या जमिनीवर, किती माणसांची तुकडी सांभाळली, ते लिहा.

घरचे तीन एकर

इथे वहिनींशी बोलून ठरवा, कारण तुम्ही नोकरीवर असाल तेव्हा हे त्यांच्याच हातात राहणार. पूर्ण तीन एकर एकदम झाडाखाली घालू नका. एक एकर मानवेल बांबू करून बघा: ५ बाय ५ मीटरवर साधारण १६० रोपं. बांबू २०१७ च्या कायदा दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या जमिनीवर ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे तोडीची जुनी कटकट गेली. तोड चौथ्या-पाचव्या वर्षापासून. तोवर त्यातून घर चालेल अशी आशा धरू नका.

रोपवाटिका करायची तर दोन गुंठ्यांवर सुरू करा. ५ बाय ७ इंची पिशवी भरल्यावर साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची होते. १० बाय १ मीटरच्या वाफ्यात जवळजवळ १४०० बसतात. माती २, कुजलेलं शेणखत १, वाळू १. शेणखत ताजं घातलं तर हुमणी येते आणि रोपं मुळासकट जातात. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवण गमावतं. म्हणजे जून-जुलैत पडलेलं ताजं बी लगेच लावायचं, ते रोप पुढच्या वर्षी विकायचं. दर महिन्याला पिशव्या जागेवरून हलवायच्या, नाहीतर मूळ पिशवी फोडून वाफ्यात शिरतं आणि रोप उचलताना तुटतं. विकायला वाफाभर रोपं तयार आहेत आणि गिऱ्हाईक नाही, ही रोपवाटिकेची नेहमीची रड. आधी मागणी लेखी घ्या, मग पिशव्या भरा. वन आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या स्वतःच्या रोपवाटिका असतात, ते तुमच्याकडून घेतीलच असं धरू नका.

कौल असा: आजपासून वनरक्षकाची तयारी, शेप जपून इको बटालियनचा दरवाजा उघडा, आणि दोन्हीकडून जाहिरात येईपर्यंत पाणलोटात पगारी काम. कम्युटेशनचे पैसे निदान दोन वर्षं बँकेत.

पुढच्या सुट्टीत करायची कामं लिहून घ्या. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन निवृत्तीनंतरच्या नोंदणीला काय लागतं ते विचारा. तहसीलमध्ये अधिवासाचा अर्ज टाका. आणि एक दिवस मोकळा ठेवून वहिनींना घेऊन टाकेवाडीच्या डोंगरावर जा, सोबत नळी आणि दोन काठ्या घ्या. तिथल्या एका चराची पातळी स्वतः मोजा आणि त्यांनाही मोजायला लावा.